गिरगावच्या काकांची एसएसडी

विलेपार्ल्यात कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या आमच्या ताई दर महिन्याला वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. या वेळी बहुतेक पत्रं एसएसडीवरच आली, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी लावायच्या, फ्लॅश चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ठाकूरद्वारला राहतो, वय अडुसष्ट. घरी जुना डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, एच-८१ चा बोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर चाळीच्या मंडळाचे हिशेब, ओळखीच्यांच्या लग्नामुंजीच्या पत्रिका (श्री-लिपी आहे, डोंगलसकट) आणि २००४ पासूनचे घरचे फोटो. सगळं मिळून १८० जीबी भरलं आहे. मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात माझी पूजा आटोपते. जावई म्हणतात, एनव्हीएमई घ्या. लॅमिंग्टन रोडला एका दुकानदाराने तीन एसएसडी पुढे ठेवल्या : एक कधी नाव न ऐकलेली ५१२ जीबीची, स्वस्त, दुसरी सॅमसंगची ८७० ईव्हो, ५०० जीबी, बिलासकट, तिसरी तीच सॅमसंग, पण ‘इम्पोर्टेड माल’, बिल नाही, भाव कमी. शिवाय कोणी म्हणतं, एसएसडी लिहून लिहून संपते. मला एकदाच घ्यायची आहे. पक्की कुठली?

उत्तर : काका, तुमच्या पत्रात बोर्डाचं नाव आहे, डिस्क किती भरली आहे तेही आहे. लोक नुसतं ‘माझा कम्प्युटर स्लो आहे’ एवढंच कळवतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. त्यामुळे तुम्हाला सविस्तर लिहिते.

जावयांचं आधी बघू. एनव्हीएमई, म्हणजे बोर्डावरच्या एम-डॉट-टू नावाच्या खाचेत बसणारी वेगवान एसएसडी, वाईट नाही, पण तुमच्या बोर्डावर ती थेट बसणार नाही. एच-८१ च्या बोर्डांवर एम-डॉट-टूची खाच सहसा नसतेच. वेगळं कार्ड टाकून बसवता येते, पण त्या काळच्या बहुतेक बोर्डांचा बायोस (मशीन चालू होताना आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) त्यावरून विंडोज सुरू करत नाही. म्हणजे पैसे जातील आणि मशीन चालू होईल ते जुन्या डिस्कवरूनच. तुम्हाला अडीच इंची साटा एसएसडी हवी, म्हणजे हार्ड डिस्कसारखीच वायरने जोडायची. एच-८१ वर चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ चे. बोर्डावर बारीक अक्षरांत ‘साटा ६जी’ असं काहीतरी छापलेलं दिसेल, वायर तिथे लावा. कॅबिनेटमध्ये अडीच इंचांची जागा नसेल तर पट्टी मिळते. न मिळाली तर दुहेरी चिकटपट्टीने चिकटवली तरी बिघडत नाही, आत फिरणारं काही नसतंच.

साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, चांगली एनव्हीएमई साडेतीन हजार किंवा सात हजारही. हा फरक मोठ्ठा वाटतो, पण तुमची पूजा होईपर्यंत मशीन जे करत असतं ते एक मोठी फाइल वाचणं नसतं. ते हजारो बारीक फाइली इकडून तिकडून गोळा करत असतं. हार्ड डिस्कचा काटा प्रत्येक वेळी जागेवर जायला दहा मिलिसेकंद घेतो, एसएसडी त्याच्या शंभराव्या हिश्शात काम उरकते. तुम्हाला जो फरक जाणवेल तो इथला, आणि तो साटावरही पुरेपूर मिळतो.

आता ‘लिहून लिहून संपते’ याबद्दल. खरं आहे, आणि तरीही तुमच्या घरात ते व्हायचं नाही. फ्लॅश चिपमधल्या प्रत्येक घराला लिहिण्या-पुसण्याची मर्यादा असते. कंपन्या ती टीबीडब्ल्यू नावाने देतात, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहून झाल्यावर आमची जबाबदारी संपली. ८७० ईव्होच्या ५०० जीबीला तो आकडा ३०० आहे, वॉरंटी ५ वर्षं. तुम्ही पत्रिका करा, फोटो टाका, विंडोजच्या अपडेट येऊ द्यात. रोज २० जीबी लिहिलं असं धरलं, आणि तुमचं तेवढं होणार नाही, तरी वर्षाला ७.३ टीबी झाले. तीनशेला यायला चाळीस वर्षं लागतील. दुकानदार टीबीडब्ल्यूवरून महागडी वस्तू गळ्यात मारू लागला तर हा हिशेब त्याच्या काउंटरवर मांडा.

मग एसएसडी मरतात कशाने? माझ्याकडे ज्या येतात त्या झिजून आलेल्या नसतात. रात्री मशीन नीट बंद केलं, सकाळी चालू केलं तर पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’. बायोसमध्ये बघावं तर डिस्कचं नावही नाही, किंवा नावाच्या जागी भलतंच काहीतरी. चिपमध्ये फोटो जागच्या जागी असतात, पण चिपकडे जाणारा रस्ता सांभाळणारा कंट्रोलर मुका झालेला असतो. हार्ड डिस्क आधी कुरकुरते, अडखळते, चार दिवस सांगून जाते. एसएसडी बऱ्याचदा न सांगता जाते. आणि हार्ड डिस्कमधून जसा डेटा काढून देणारे मिळतात तसं इथे सोपं नाही. पुष्कळशा कंट्रोलरमध्ये सगळं सांकेतिक करूनच लिहिलं जातं, त्यामुळे नुसत्या चिप उपटून वाचल्या तर हाती कचरा येतो.

हे फक्त माझं दुकानातलं मत नाही. २०१६ मध्ये टोरोंटो विद्यापीठ आणि गूगल यांच्या संशोधकांनी गूगलच्या डेटा सेंटरांमधल्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून एक अभ्यास मांडला. हार्ड डिस्कच्या मानाने एसएसडी बदलाव्या लागण्याचं प्रमाण त्यात कमी निघालं. पण चार वर्षांत किमान एकदा तरी दुरुस्त न होणारी वाचनचूक आलेल्या एसएसडी होत्या, मॉडेलप्रमाणे २० ते ६३ टक्के. आणि गंमत म्हणजे, महागातली एसएलसी (चिपच्या एका घरात एकच बिट लिहिणारी) साध्या एमएलसीपेक्षा (एका घरात दोन बिट) जास्त भरवशाची ठरली नाही. वयाचा परिणाम मात्र दिसला, किती लिहिलं याच्यापासून वेगळा.

दुसरं कारण फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने ग्राहकांना कळवलं की सर्व्हरमधल्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतील, डेटासकट. ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. तासांची मोजणी त्या आकड्याशी पोचली की सगळं कोलमडायचं. एका दिवशी बसवलेल्या डिस्क एकाच दिवशी जाणार, म्हणजे एकीची नक्कल दुसरीवर ठेवली असली तरी उपयोग नाही. कंपनीने नवं फर्मवेअर दिलं म्हणून पुष्कळजण वाचले. चूक कोणाचीही होऊ शकते. पक्की डिस्क मी तिला म्हणते, जिच्या मागे चूक कळल्यावर दुरुस्ती पाठवणारं कोणीतरी आहे.

म्हणून दुकानदाराने दाखवलेली पहिली एसएसडी बाजूला ठेवा. फ्लॅश चिप बनवणाऱ्या कंपन्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत : सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, कायोक्सिया (पूर्वीची तोशिबाची मेमरी शाखा, फ्लॅशचा जन्मच तिथला), सॅनडिस्क आणि चीनची वायएमटीसी. बाकी सगळे त्यांच्याकडून चिप घेतात, कंट्रोलर फायसन किंवा सिलिकॉन मोशनसारख्यांकडून आणतात, वर स्वतःचं लेबल लावतात. त्यात काही वाईट नाही, किंग्स्टन तसंच करते आणि नाव राखून आहे. पण ज्या डब्यावर चिप कोणाची, टीबीडब्ल्यू किती, फर्मवेअर कुठून उतरवायचं यातलं काहीच लिहिलेलं नाही, त्या डब्यात या खेपेला एक माल असतो आणि पुढच्या खेपेला दुसरा.

तिसरी, बिनबिलाची, तर हातातही घेऊ नका. वस्तू अस्सल असेलही. पण दुसऱ्या देशासाठीचा माल इथलं सर्व्हिस सेंटर नाकारू शकतं, आणि बिल नसेल तर भांडणार कशाच्या जोरावर? जीएसटीचं बिल घ्या, त्यावर डिस्कचा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि दुकानातच उभं राहून मोबाइलवर कंपनीच्या साइटवर तो नंबर टाकून वॉरंटी कधीपर्यंत दाखवते ते बघा. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गाला, पिढीजात चोख दुकानं आहेत. नंबर लिहून मागितल्यावर जो कपाळाला आठ्या घालतो त्याच्या शेजारच्या दुकानात जा.

तर काका, दुसरी घ्या. ८७० ईव्हो न मिळाली तर वर सांगितलेल्या चिपवाल्यांपैकी कोणाचीही, ५ वर्षं वॉरंटीची, साटा, ५०० जीबी. एक सांगून ठेवते : मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँड ते बंद करत आहेत. जुन्या मालाची वॉरंटी सांभाळू असं कंपनीने म्हटलं आहे, त्यामुळे कोणी क्रुशलची शिल्लक साटा एसएसडी, एमएक्स-५००, चांगल्या भावात बिलासकट देत असेल तर मी नाही म्हणणार नाही. भावाचा आकडा मुद्दाम लिहीत नाही. डेटा सेंटरवाल्यांनी चिप उचलायला घेतल्यापासून तो छापून येईपर्यंत शिळा होतो.

२५० जीबीवर समाधान मानू नका. १८० भरलेलेच आहेत, आणि एसएसडी गच्च भरली की तिला आतल्या आत आवराआवर करायला जागा उरत नाही. १५-२० टक्के मोकळं असू द्या.

घरी आणल्यावर विंडोज नव्याने टाकायची गरज नाही, क्लोन करा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवा. श्री-लिपी, फॉन्ट, प्रिंटर सगळं जसंच्या तसं येईल. सॅमसंगचं डेटा मायग्रेशन नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यांच्याच डिस्कवर क्लोन करून देतं. पण त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून जुन्या हार्ड डिस्कची तब्येत बघा. पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर क्लोनच्या नादी न लागता पहिल्यांदा फोटो काढून घ्या. मरणाऱ्या डिस्कला सलग चार तास वाचायला लावणं हा तिला मारायचा सोपा उपाय आहे.

आणि विंडोज १० चं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेच्या अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तुमचा आय-थ्री विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणून बँकेचे व्यवहार फोनवर करा, या मशीनवर पत्रिका आणि हिशेब ठेवा. उद्या मशीन बदललंत तरी साटा एसएसडी नव्यातही लावता येते, पैसे वाया जात नाहीत.

आता फोटो. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, २००४ चा गणपती मिळत नाही. जुनी हार्ड डिस्क धडधाकट असेल तर तिच्यावरचं पुसू नका. पण मशीनच्या आत ठेवलेली प्रत ही खरी प्रत नव्हे, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बिघडून जास्त व्होल्टेज सुटलं तर दोन्ही एकदम जातील. बाहेरची एक यूएसबी हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा प्रत करा, वायर काढून कपाटात ठेवा. आणखी एक प्रत जावयांकडे, चाळीबाहेर. एनव्हीएमईचा सल्ला दिलाच आहे त्यांनी, तर हेही काम त्यांच्याकडे सोपवा.

छोटा यूपीएसही लावा. मुंबईत वीज फारशी जात नाही हे खरं, पण १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवत असेल, लोकलसुद्धा जागच्या जागी उभ्या होत्या. रोजचा धोका याहून साधा असतो : केर काढताना मागचा प्लग हलतो. घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करण्यापुरती साठवण नसते, सर्व्हरच्या डिस्कमध्ये ती असते. लिहिता लिहिता वीज तुटणं तिला मानवत नाही.

प्रश्न : रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून १६ टीबीची खिशात मावणारी पोर्टेबल एसएसडी घेतली. किंमत एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा थोडी जास्त. कम्प्युटर १६ टीबी दाखवतो. मुलगा म्हणतो फसलात. पण दाखवतोय ना?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : मुलगा बरोबर आहे. अशा डबीत बहुतेक वेळा एखादं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि फर्मवेअरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात. नावं दिसत राहतात, उघडायला गेलं की बिघडलेलं. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्क पूर्ण भरून परत वाचून बघतं आणि खरी जागा सांगतं. त्या डबीच्या वेगाने १६ टीबी भरायला आठवडे लागतील, तेव्हा १०० जीबीची चाचणी लावा. बहुधा तेवढ्यातच पितळ उघडं पडेल. त्यात आधीच काही ठेवलं असेल तर आज मूळ प्रत शोधा.

प्रश्न : मुलगी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. नवीन मशीनला एनव्हीएमई लागते. क्यूएलसी स्वस्त पडते, टीएलसी महाग. क्यूएलसी लवकर खराब होते का? आणि डीरॅम नसलेली घेऊ नये असं ती म्हणते.
— एक आई, मुलुंड

उत्तर : टीएलसीत एका घरात तीन बिट असतात, क्यूएलसीत चार. म्हणजे विजेच्या आठ पातळ्यांऐवजी सोळा ओळखाव्या लागतात, त्यामुळे लिहायला वेळ लागतो आणि मर्यादाही लवकर येते. खराब होण्यापेक्षा तुमच्या मुलीला छळेल तो वेग. सगळ्याच डिस्क सुरुवातीचा काही भाग एकेक बिट लिहून पटापट घेतात, आणि नंतर सवडीने आत रचतात. ती जागा भरली की खरा चेहरा दिसतो. साटामधलंच उदाहरण देते, कारण कंपनीने आकडा स्वतः छापला आहे : सॅमसंग ८७० क्यूव्हीओ, १ टीबी. पहिले ४२ जीबी ५३० एमबीच्या वेगाने, त्यानंतर ८० एमबी. हार्ड डिस्कहून हळू. हळद-साखरपुड्यापासून रिसेप्शनपर्यंतचं शूटिंग दोन कॅमेऱ्यांतून उतरवायचं म्हटलं तर ४२ जीबी म्हणजे मुहूर्तापर्यंतसुद्धा नाही.

तिला टीएलसीच घेऊन द्या, १ टीबीच्या खाली नको. पण खोका नीट वाचा, आणि घेतल्यावर एकदा मोठी फाइल कॉपी करून बघा. २०२१ मध्ये क्रुशलच्या पी-२ मध्ये नाव तेच ठेवून आतली टीएलसी जाऊन क्यूएलसी आली होती. जुनी परीक्षणं वाचून घेणाऱ्यांच्या हाती वेगळाच माल पडला.

डीरॅमबद्दल तिचं अर्धं बरोबर आहे. डिस्कवर कुठे काय ठेवलंय याचा तक्ता डीरॅममध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या वेगवान मेमरीत, राहतो. एनव्हीएमईत डीरॅम नसली तरी ती कम्प्युटरच्या रॅममधली थोडी जागा उसनी घेते, घरगुती कामाला तेवढं पुरतं. साटात ही सोय नाही, तिथे बिनडीरॅमची मी टाळते. तिचं काम तासन्‌तास लिहिण्याचं आहे, तेव्हा बजेट असेल तर डीरॅमवाली घ्या. आणि मे महिन्यात मुलुंडला पंख्याखाली काम करत असेल तर बोर्डासोबत आलेली धातूची पट्टी डिस्कवर बसवायला विसरू नका. त्याखालचा प्लास्टिकचा पातळ कागद काढूनच. तो तसाच ठेवून ‘डिस्क तापते’ म्हणून मशीन घेऊन येणारे पुष्कळ आहेत.

प्रश्न : सगळे फोटो एका एसएसडीत भरून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले तर कायमचे सुरक्षित राहतील ना?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. एसएसडीत डेटा विजेच्या भाराच्या रूपात असतो, आणि विजेविना पडून राहिली की तो भार हळूहळू ओसरतो. जेडेक या संस्थेचं मानक घरगुती डिस्ककडून एवढंच मागतं की तिची लिहिण्याची पूर्ण मर्यादा संपल्यानंतरही ३० अंशांना, वीज नसताना, तिने वर्षभर डेटा टिकवावा. नवी डिस्क याहून बराच जास्त काळ टिकवते, उकाड्यात ती मुदत घटते. लॉकरसाठी हार्ड डिस्क घ्या आणि वर्षातून एकदा बाहेर काढून चालवून बघा. लॉकरचं भाडं भरायला जालच की.

प्रश्न : एसएसडीला डीफ्रॅग करावं का?
— लालबाग

उत्तर : नको. डीफ्रॅग म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग रचणं, ते हार्ड डिस्कसाठी. विंडोज आपलं आपण एसएसडीला ट्रिम करतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं तिला कळवतं, ते ‘ऑप्टिमाइझ’चं आठवड्याचं वेळापत्रक बंद केलेलं नाही ना तेवढं बघा. पैसे घेऊन ‘एसएसडी बूस्टर’ टाकून देणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.